बोर्डावरचा पडदा

माझे सासरे शहापुरातल्या एका पावरलूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. येळ्ळूरहून सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी शेतात. चाळीस मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. पण कुठली मोटर बिघडणार हे त्यांना आधी कळायचं. ते तिच्या पाठीवर हात उलटा टेकवायचे, तळवा नव्हे, बोटांची मागची बाजू. क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, ही बंद करा. हे मला लग्नानंतर त्यांच्याच तोंडून कळलं. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात.

सासूबाई गेल्यावर वर्षभरानं त्यांचं ते फिरणं सुरू झालं. मी शाळेला निघायच्या गडबडीत असे. सकाळी साडेआठची बस चुकली तर शहापुरात माझा पहिला तास जायचा. आणि मामा या खोलीतून त्या खोलीत, भिंतीला हात लावत. प्रत्येक बोर्डापाशी थांबायचे. मोबाईलचा चार्जर, लेकीच्या लॅपटॉपचा चार्जर, टीव्हीखालचा डबा, इंटरनेटची पेटी. सगळ्यांना उलट्या हातानं चाचपायचे आणि पिन काढून ठेवायचे.

"ह्येला काय जोडलंय?" ते विचारायचे.

"काही नाही मामा, नुसताच आहे."

"मग गरम कशापायी हाय?"

 मी शाळेत मराठी शिकवते, विज्ञान नाही.

नवऱ्यानं एकदा बेळगावातून एक छोटं मीटर आणलं. ते बोर्डात खोचायचं आणि त्याच्यात चार्जर खोचायचा, की किती वीज जाते त्याचा आकडा दिसतो. वडिलांची समजूत घालायची हा त्याचा हेतू. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे पुढच्या सोप्यात बसलो. मोबाईलच्या चार्जरला मीटरनं शून्यच दाखवलं. लॅपटॉपच्या चार्जरला जेमतेम काहीतरी. नवरा खुशीत आला.

"बघा आप्पा. ह्याच्यात काय जातंय? काय न्हाय."

मामा उठले, मागच्या खोलीत गेले आणि फवारणीच्या पंपाचा चार्जर घेऊन आले. पाठीवरचा बॅटरीचा पंप, भातावर औषध मारायचा. त्याच्याबरोबर आलेला काळा, जड, विटेएवढा चार्जर. पंप शेतातल्या खोपीत असायचा. बॅटरी सुटी काढून घरी आणायची, भरायची, परत न्यायची. चार्जर मात्र कायम मागच्या खोलीत लावलेलाच. मीटरवर चार वॅट आले.

"चारच की," नवरा म्हणाला. "एका बारक्या बल्बाएवढं पण न्हाय. एवढ्यानं काय हुतंय?"

"काम करतंय काय त्ये आत्ता?"

"न्हाय."

"काम न्हाय आणि खातंय. मग खाल्लेलं जातंय कुठं?"

लेक बारावीला होती, सायन्सला. ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "उष्णता होते आज्जा. सगळी उष्णताच होते."

"मग मी काय म्हणालोय?" मामा म्हणाले आणि आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिले. नवरा हसला. मीही हसले. तो चार्जर त्यानं परत मागच्या खोलीत नेऊन लावला.

तिथं लावणं सोपं नव्हतं. तो बोर्ड घरातला सगळ्यात जुना. त्यातलं एक बटण चालूवरच अडकलेलं, खाली-वर होतच नसे. पिनचं भोक सैल झालेलं. पिन खाली ओघळायची, मधेच चार्जरचा लाल दिवा लागायचा, मधेच जायचा. नवऱ्यानं कागदाची घडी करून पिनेखाली पाचर मारली होती. "आता नीट बसलीय, कुणी हात लावू नका," असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही लावत नव्हतो. मामा लावायचे. रोज काढायचे, आणि नवरा रोज पुटपुटत परत बसवायचा.

इथपर्यंत ही घरातली कटकट होती. पुढं तसं राहिलं नाही.

एकदा लेकीची ऑनलाईन टेस्ट चालू असताना मामांनी इंटरनेटची पेटी काढली. ती रडत माझ्या अंगावर आली. मग एकदा मी शाळेतून आले तर फ्रिजखाली पाणी. दूध नासलेलं, दोन दिवसांची भाजी लिबलिबीत. मी विचारलं तर म्हणाले, "मी कशाला काढीन? फ्रिज काढायचा नसतो, कळतंय मला." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा संशय स्पष्ट दिसत होता. महिनाभरात ते दोनदा बस स्टँडवरून घरी यायची वाट चुकले. ज्या गावात जन्म गेला त्या गावात. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझी आत्या अजून गोठ्यातच हाय काय?" आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

बेळगावच्या डॉक्टरांनी त्यांना साधे प्रश्न विचारले. आज वार कोणता, ही वस्तू कोणती, मघाशी तीन शब्द सांगितले ते कोणते. मामांनी वार चुकीचा सांगितला, आणि शब्द सांगायच्या ऐवजी टेबलावरच्या चार्जरकडे बोट दाखवलं. "त्ये काढा. मोबाईल खिशात हाय तुमचा." डॉक्टर हसले आणि त्यांनी तो खरंच काढला. नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, हळूहळू वाढत जाईल. "त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना शांत ठेवा. विचारतील त्याला हो म्हणा."

डॉक्टरांचं काही चुकलं नाही. त्यांचा सल्ला वापरून मी काय केलं, ते माझं मला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात मामांचं सगळंच बोलणं आजाराच्या खात्यात गेलं. ते म्हणाले ऊन लई हाय, तर आम्ही एकमेकांकडे बघायचो. ते म्हणाले मागच्या खोलीत वास येतोय, तर नवरा हळूच मान हलवायचा. आणि मी हो म्हणायला शिकले. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली.

"मागच्या खोलीतलं काढलंस काय गं पोरी?"

"काढलं मामा."

ते जाऊन बघायचे. बघितलं की लाल दिवा दिसायचा, दिवा दिसला की चिडायचे, पिन उपटायचे, पाचर कुठंतरी पडायची, मग नवरा चिडायचा. हे रोजचं झालं तेव्हा मी एक युक्ती केली. माझ्या जुन्या नायलॉनच्या साडीचा एक तुकडा कापला, वर दोरी ओवली, दोन खिळे ठोकले आणि बोर्डावर पडदा लावला. खाली भाताची, तांदळाची पोती लावलेली होती, त्यांच्यामागे पडद्याचं टोक खोचून टाकलं. आता दिवा दिसत नव्हता. मामा खोलीत यायचे, भिंतीकडे बघायचे, काहीतरी चुकतंय असं वाटून उभे राहायचे आणि परत फिरायचे. बोर्ड तिथं आहे हेच ते विसरले. संध्याकाळी नवऱ्यानं मला शाबासकी दिली. "डोकं चालवलंस बघ."

आता वाटतं, त्या दिवसांत घरात कसली तरी तयारी चालली होती आणि आम्ही सगळे तिच्या आजूबाजूनं वावरत होतो. मी त्या खोलीतून रोज तांदूळ आणायची. एका सकाळी पोत्यात माप घालताना माझा दंड पडद्याला लागला. पडदा कोमट होता. मी थांबले. वाटलं, ही पूर्वेची भिंत, उन्हानं तापली असणार. माप भरलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर दिसलं की त्या दिवशी ऊन नव्हतं, धुकं होतं. ते दिसूनही मी परत आत गेले नाही. बसची वेळ झाली होती.

आणखी एकदा वास आला. रबर जळल्यासारखा, पण फार हलका. मी गोठ्यात बघितलं, चुलीपाशी बघितलं, शेजारी कुणी कचरा पेटवलाय का ते बघितलं. मामा सोप्यात बसले होते. ते माझ्याकडेच बघत होते. काही बोलले नाहीत. बहुतेक माझं 'हो' ऐकून कंटाळले असावेत.

सदलग्याला नात्यातलं लग्न होतं. नवऱ्यानं ओळखीच्याची गाडी घेतली. आम्ही चौघं सकाळी आठला निघालो. म्हशीला दुपारी पाणी दाखवायला शेजारच्या आक्कांना सांगितलं. आक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या विधवा बाई, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ. आमचा गोठा आणि मागची खोली एकाच भिंतीला लागून. गोठ्यात जायचं तर त्या खोलीच्या मागच्या दारातून जावं लागतं. म्हणून मागच्या दाराला नुसती कडी लावली, कुलूप घातलं नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी आजही देवाचे आभार मानते.

संकेश्वर सोडलं तेव्हा मामा पुढच्या सीटवरून मागं वळले.

"मागच्या खोलीतलं काढलंस काय गं?"

"व्हय मामा, काढलंय."

"कुणी काढलं?"

"मी. माझ्या हातानं."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता, नव्या बांगड्या घातलेला. मला तो पदराखाली घ्यावासा वाटला.

थोड्या वेळानं ते पुन्हा वळले. या वेळी मला नाही, माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी फिरीव."

"का?"

"घरात कोणतरी जागं हाय."

"आप्पा, घरात कोण न्हाय. आपण सगळी हिथं हाय."

"त्येच म्हणतोय. आपण हिथं हाय, आणि त्ये तिथं जागं हाय. फिरीव गाडी."

नवऱ्यानं गाडी फिरवली नाही. फिरवण्यासारखं काय होतं? लग्नाची वेळ अकराची. मामांनी दाराच्या हँडलला हात घातला. नवऱ्यानं चालवता चालवता एका हातानं त्यांचं मनगट धरलं. लेक मागं घाबरून माझ्या खांद्याला चिकटली. मी पुढं वाकून मामांच्या कानात मोठ्यानं सांगितलं, "मामा, देवाशपथ काढलंय."

तेव्हा ते शांत झाले. सदलगा येईपर्यंत समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले. मला मात्र काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. मी स्वतःला समजावलं की खोटी शपथ घेतल्यामुळे असं होतंय.

अक्षता पडल्या आणि जेवणाच्या पंगतीला बसतोय तोच नवऱ्याचा फोन वाजला. गल्लीतल्या एकाचा होता. नवरा उभा राहिला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडत होता की मला पंगतीतून ऐकू येत होतं. धूर, असं ऐकू आलं. मागची खोली, असं ऐकू आलं. आणि मग, आक्का.

मी मामांकडे बघितलं. त्यांच्या पानात जिलेबी वाढली होती. ते ती मन लावून खात होते.

परतीला दोन तास लागले. मामांनी मधेच विचारलं, "लग्नाला चाललोय न्हवं?" लेक म्हणाली, "हो आज्जा."

काय झालं ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं. साडेअकराच्या सुमाराला वारा सुटला होता आणि लाईट गेली. थोड्या वेळानं आली ती भलत्याच दाबानं आली. खांबावरची एक तार सुटली होती म्हणे. घराघरातले दिवे पांढरेफटक पेटले आणि फुटले. गल्लीत तीन टीव्ही गेले, एकाचा फ्रिज गेला, पाच-सहा चार्जर जळाले. जळाले म्हणजे काळे पडले आणि मेले. तेवढंच. आमचा पेटला. कारण त्याच्या अंगावर नायलॉन होतं.

आक्का म्हशीला पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी दाराच्या फटीतून धूर बघितला. म्हैस दावं ताणत ओरडत होती. गोठ्यात शिरायला खोलीचं ते मागचं दार हीच वाट होती, म्हणून त्यांनी कडीला हात घातला. कडी लोखंडाची. आत केव्हापासून आग होती कुणास ठाऊक. त्यांनी ती उजव्या हातानं धरली, चटका बसला तरी सोडली नाही, कारण कडी घट्ट होती आणि ओढावी लागत होती. दार उघडलं. त्यांनी म्हशीचं दावं विळ्यानं कापलं. मग त्या ओरडल्या. माणसं आली, कुणीतरी मेन स्विच पाडला, बाकीच्यांनी माती टाकली, मग पाणी.

आम्ही पोचलो तेव्हा आक्का दवाखान्यात होत्या. खोलीची एक भिंत काळी, छपराची कौलं खाली, बियाण्याचं भात जळून कोळसा झालेलं आणि भिजलेलं. त्याचा वास कित्येक आठवडे गेला नाही. म्हैस गल्लीत दुसऱ्याच्या दारात बांधलेली, थरथरत.

दुसऱ्या दिवशी गावातला वायरमन बघायला आला. त्यानं काळ्या भिंतीत बोट घातलं, वितळलेल्या गोळ्यातून पिनेचे दोन दात काढले.

"पिन सैल हुती?"

"व्हय," नवरा म्हणाला.

"म्हंजे आधीपास्नंच जळत आलंतं. जास्तीचा करंट आला त्यो फकस्त शेवट." मग त्यानं खिळे बघितले. दोन खिळे, अजून भिंतीत. "ह्याच्यावर काय हुतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मामा पुढं आले.

"माझ्या हातनं झालं," ते म्हणाले. "मी रोज काढतो. काल काढायचं राहिलं. आता ध्यानात राहत न्हाय माझ्या."

गल्लीतली दहा-बारा माणसं उभी होती. सगळ्यांनी ते ऐकलं. कुणीतरी हळहळलं, कुणीतरी म्हणालं, "म्हातारपण बघा." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना एवढंच आठवत होतं की ते काढणं हे त्यांचं काम होतं, आणि ते झालं नव्हतं. गाडीतलं काही आठवत नव्हतं. माझी शपथ आठवत नव्हती.

घरात आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "हे बरोबर नाही."

"अगं, आप्पांना कोण काय बोलणार हाय? आजारी माणूस. तू सांगितलंस तर जन्मभर ऐकून घ्यावं लागंल तुला."

मी नऊ दिवस ऐकलं. नऊ दिवस गल्लीत मामांविषयी जे बोललं जात होतं ते ऐकलं. ह्यांना घरात एकटं सोडू नका, गॅसजवळ जाऊ देऊ नका, बांधून ठेवा. लोक समोर बोलत होते, त्यांना ऐकू येत नाही म्हणून. पण लोकांचे चेहरे त्यांना दिसत होते. ते सोप्यातून उठून आतल्या खोलीत बसायला लागले. जेवताना हात पुढं करून विचारायचे, "घिऊ काय?" स्वतःच्या घरात, भाकरी घेऊ का म्हणून.

दहाव्या दिवशी आक्का दवाखान्यातून घरी आल्या. शाळा सुटल्यावर मी तशीच त्यांच्याकडे गेले. हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. बाहेर आलेल्या बोटांची टोकं गुलाबी, चकचकीत, दुसऱ्याच कुणाची तरी वाटावीत अशी. त्यांची सून चहा ठेवायला उठली, तिला मी बस म्हणाले. तिनंही ऐकावं असं मला वाटत होतं.

मी सगळं सांगितलं. पडदा, तो कोमट लागला होता ते, वास, शपथ. मामा परत फिरा म्हणत होते हेही.

आक्कांनी आधी सुनेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्येनी सांगितलंतं तुला?"

"रोज सांगत होते."

"आणि तू व्हय म्हणत हुतीस?"

"हो."

त्यांनी पट्टीतला हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. "मी तुला माफ केलं म्हणणार न्हाय," त्या म्हणाल्या. "मला भाकरी थापता येत न्हाय. तेवढं तुला दिसू दे. पण आता ऊठ, आणि ह्येच समद्या गल्लीत सांग. मला एकटीला सांगून घरात जाऊन बसू नको."

मी सांगितलं. घरोघर गेले नाही, तेवढं धाडस नव्हतं. पण नळावर, डेअरीत, देवळात, जिथं विषय निघाला तिथं सांगितलं. काहींनी विश्वास ठेवला नाही. सून सासऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालतीय, किती चांगली आहे, असं एकजण म्हणाल्याचं कानावर आलं. ते ऐकून मला वाईट शब्दापेक्षा जास्त लागलं. नवरा काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मग एका रविवारी तो स्वतः आक्कांच्या दारात गेला आणि बराच वेळ बसून आला. काय बोलला ते मी विचारलं नाही. आक्कांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. त्यांच्या भाकरी सकाळी मी करून पाठवते. त्या घेतात आणि जाड झाल्यात म्हणून परत निरोप पाठवतात.

मामांचा आजार वाढलाय. आता ते कुठल्याच बोर्डापाशी जात नाहीत. लेकीचं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही. काल कोण भेटलं, काय खाल्लं, सगळं पुसलं जातं. एकच गोष्ट पुसली जात नाही. नेमकी तीच का, हे मला डॉक्टरांनाही विचारवत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा, दुपारच्या वेळी, ते मला जवळ बोलावतात. डोळ्यात पाणी असतं.

"पोरी, त्या बाईचा हात माझ्यामुळं जळाला. मी काढायचं इसारलो."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेते आणि सांगते, "मामा, तुम्ही नाही. तुम्ही सांगितलं होतं. मी काढलं नाही. मी खोटं बोलले."

ते माझ्याकडे बघतात. कळल्यासारखं वाटतं. "व्हय काय?" म्हणतात. चेहरा जरा सैल होतो, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, बरं म्हणतात.

चार दिवसांनी पुन्हा बोलावतात.